सुरगाण्याहून विद्यापीठाकडे

सुरगाण्यांत भाद्रपदाचा पाऊस ओसरूं लागला म्हणजे गांवाला एक प्रकारची स्तब्धता येते. नार आणि पार या नद्यांचें पाणी अजून गढूळच असतें, डोंगरउतारांवरील नागली पोटरींत आलेली असते, आणि शिकून मोकळ्या झालेल्या तरुणांपुढें ‘आतां पुढें काय’ हा प्रश्न नव्यानें उभा राहतो. गेल्या वर्षीं अशाच एका संध्याकाळीं एक तरुण मजकडे आला. कोकणा समाजांतला, इतिहास घेऊन एम्. ए. झालेला, त्याच्या पाड्यावरून इतक्या पायऱ्या चढलेला तो पहिलाच. एका विद्यापीठाच्या इतिहास विभागांत पीएच्. डी. साठीं त्याची निवड झाली होती. पेढे देऊन झाले, चहा पिऊन झाला, तरी तो उठेना. शेवटीं म्हणाला, ‘‘सर, प्रवेश मिळाला खरा. पण तिथं गेल्यावर वागायचं कसं, हें कुणी सांगतच नाहीं.’’

प्रश्न ऐकून प्रथम मला हसूं आलें आणि मग वाईट वाटलें. शहरांतील सुशिक्षित घरच्या मुलाला हें कोणी सांगावें लागत नाहीं. त्याच्या घरांत काका, आत्या, शेजारचे जोशी, असा कोणी तरी त्या दारांतून पूर्वीं आंत जाऊन आलेला असतो. कोणत्या अर्जावर कोणाची सही घ्यावी, कोणत्या प्राध्यापकांकडे सकाळीं जावें व कोणाकडे मुळींच जाऊं नये, हें ज्ञान त्याला जेवतां जेवतां मिळतें. या मुलाला तें मिळण्याची सोय नव्हती. मीं त्याला कांहीं नियम सांगावयास प्रारंभ केला. परंतु उभा जन्म इतिहास शिकविण्यांत गेल्यामुळें असेल, प्रत्येक नियमामागें कोणाचें तरी चरित्र उभें राहूं लागलें. त्या संध्याकाळचें बोलणें थोडें सांवरून येथें मांडीत आहें.

आपल्याकडील पदवीधराच्या पुढील अभ्यासाचा इतिहास दक्षिणेपासून सुरू होतो. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वांटीत. राज्य गेल्यावर इंग्रजांनीं ती एकदम बंद केली नाहीं. तिच्या एका भागांतून १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, पुढें मराठी ग्रंथांना बक्षिसें मिळूं लागलीं, आणि १८५७ सालीं मुंबईचें विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच निधींतून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. आजच्या संशोधन-शिष्यवृत्तीची ही पणजी म्हणावयास हरकत नाहीं. पैसा रयतेच्या साऱ्याचा, आणि तो घेणारा मात्र एकाच वर्णाचा, हा पेशवाईंतील दक्षिणेचा प्रकार. आज आदिवासी विद्यार्थ्याला राष्ट्रीय शिष्यवृत्ति मिळते ती याच हिशेबाची उशिरानें झालेली फेड आहे, असें मी त्याला म्हणालों. घेतांना मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

परंतु शिष्यवृत्तीला दोरी असते. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. रानडे यांनीं विद्यार्थिदशेंत एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याशीं इंग्रजी अमलाची तुलना केली, आणि ती इंग्रजांना गोड वाटेल अशी केली नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे मोठे विद्वान, ॲरिस्टॉटलचे भाष्यकार. परंतु त्यांनीं या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ति सहा महिने थांबविली. निबंध चांगला कीं वाईट हा प्रश्नच नव्हता. म्हणून पहिली चौकशी करावयाची ती ही : पैसा कोणाचा, कोणत्या अटीवर, आणि अट मोडली असें ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं. दुसरी गोष्ट, शिष्यवृत्ति मंजूर होणें आणि ती हातीं पडणें या दोन अगदीं भिन्न घटना आहेत. त्यांच्यामध्यें कधीं कधीं अख्खा पावसाळा जातो. चार-पांच महिन्यांच्या खोलीभाड्याची व जेवणाची तजवीज निराळी करून मगच घर सोडावें. हें ऐकून त्याचा चेहरा उतरला. घरीं दोन बैल होते, त्यांतला एक विकावयाचा असें वडिलांनीं आधींच ठरविलें होतें.

येथें डॉ. आंबेडकरांची गोष्ट सांगणें प्राप्तच होतें. त्यांच्याविषयीं सभांतून पुष्कळ बोललें जातें. परंतु एका संशोधक विद्यार्थ्याला विद्यापीठांच्या कागदपत्रांतून वाट कशी काढावी लागली, या दृष्टीनें त्यांच्या दहा-पंधरा वर्षांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. १९१३ सालीं ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनीं लिहून दिला होता. १९१५ मध्यें ते एम्. ए. झाले, प्रबंध लिहून झाला, आणि अर्थशास्त्राचे अध्यापक सेलिग्मन यांचा लोभ व ओळखपत्र घेऊन १९१६ मध्यें ते लंडनला पोंचले. तेथें काम रंगांत येतें तोंच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं परत फिरावें लागलें. महायुद्ध चालूं होतें. ते स्वतः एका जहाजानें आले, सामान दुसऱ्या जहाजानें निघालें, आणि तें दुसरें जहाज शत्रूनें बुडविलें. त्याबरोबर त्यांचीं पुस्तकें व कागद समुद्राच्या तळाशीं गेले.

अशा स्थितींत दुसरा कोणी असता तर लंडनचें नांव सोडून बसला असता. आंबेडकरांनीं निघण्यापूर्वीं एक काम करून ठेविलें होतें : चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. बडोद्यास त्यांना राहावयास जागा मिळाली नाहीं; अस्पृश्य म्हणून पारशी खाणावळींतून बाहेर पडावें लागलें; नोकरी सुटली. पुढें मुंबईच्या सिडनम कॉलेजांत अध्यापकी करून त्यांनीं पैसा जमविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य झालें, आणि १९२० सालीं, मुदत संपण्यापूर्वीं, ते पुन्हां लंडनला हजर झाले. १९२१ मध्यें एम्. एस्‌सी. मिळाली. १९२२ मध्यें रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनीं त्यावर हरकत घेऊन तो परत केला. आंबेडकरांनीं मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहींत, आणि १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाली. प्रबंध ग्रंथरूपानें निघाला तेव्हां त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनीं त्याला प्रस्तावना लिहिली व तींत विद्यार्थ्याशीं आपला मतभेदही नमूद केला. गुरूनें शिष्याच्या पुस्तकाच्या दारांत उभें राहून ‘हें मला पटत नाहीं, पण वाचा’ म्हणावें, हें दृश्य मला कोणत्याही सत्कारसमारंभापेक्षां मोठें वाटतें.

आणि कोलंबियाची पीएच्. डी.? ती मिळाली १९२७ सालीं. काम १९१६-१७ चें, पदवी दहा वर्षांनीं! याचें कारण विद्वत्तेंत नव्हतें, नियमांत होतें. प्रबंध छापून त्याच्या प्रति विद्यापीठांत दाखल केल्याशिवाय तेथें पदवी देत नसत. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ सालीं छापून निघाला, तेव्हां कोठें गाडें पुढें सरकलें. माझ्यासमोरच्या तरुणाला मीं म्हटलें, ‘‘नियमांचें पुस्तक पहिल्याच आठवड्यांत वाचून काढ. पुढारलेल्या घरच्या मुलानें तें नाहीं वाचलें तरी चालतें. तुला चालणार नाहीं.’’

नंतर तो ज्या प्रश्नासाठीं खरा आला होता त्या प्रश्नाकडे वळला. मार्गदर्शक कसे निवडावेत? आणि ते निवडल्यावर त्यांचें सगळें ऐकावें काय?

आपल्याकडे विद्यापीठ हें प्रथम केवळ परीक्षा घेणारें खातें होतें; शिकविणें कॉलेजांकडे. मुंबई विद्यापीठानें स्वतःचे पदव्युत्तर विभाग काढले ते १९१९ सालीं, अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचा. समाजशास्त्राच्या विभागावर पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ आले. वर्गांत बसवून शिकविण्यापेक्षां शहर हिंडून पाहण्यावर त्यांचा भर. त्यांच्या शिफारशीनें मालवणकडील एका संस्कृतच्या एम्. ए. ला विद्यापीठानें इंग्लंडांत पाठविलें. ते गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्ये प्रथम लंडनला हॉबहाउस यांच्याकडे गेले, तेथें त्यांचें मन लागलें नाहीं. म्हणून ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे आले. येथें सूर जुळला, काम भराला आलें, आणि १९२२ च्या जूनमध्यें रिव्हर्स अकस्मात् वारले. घुर्ये यांनीं हॅडन यांच्या हाताखालीं प्रबंध पुरा केला, १९२४ मध्यें ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत तेथें राहिले. पस्तीस वर्षें एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हाताखालून जी पिढी गेली तिनेंच पुढें या देशांत समाजशास्त्र चालविलें. पण मला या हकीकतींतली लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही वाटते, कीं त्या गुरूंच्या गुरूलाही अर्ध्या वाटेंत मार्गदर्शक बदलावा लागला होता. मार्गदर्शक मरतात, निवृत्त होतात, बदलून जातात. विद्यार्थ्याचें काम त्यांच्या एकट्याच्या आठवणींत राहिलेलें असेल तर तेंही त्यांच्याबरोबर जातें.

हें मी एवढ्या खात्रीनें सांगतों याला कारण आहे. मीही तरुणपणीं संशोधक विद्यार्थी होतों. कोणत्या विद्यापीठांत, तें सांगण्याचें कारण नाहीं. माझे मार्गदर्शक सज्जन होते आणि त्यांचा माझ्यावर लोभ होता. तीन वर्षें मीं दप्तरें चाळलीं. जें ठरे तें बोलण्यांत ठरे. विषयाची मर्यादा बदलली तीही चहा घेतां घेतां. मग ते निवृत्त होऊन मुलाकडे परगांवीं गेले. नव्या गृहस्थांनीं विचारलें, ‘‘हा फरक मंजूर झाल्याचा कागद कोठें आहे?’’ कागद नव्हता. त्यांचा दोष नव्हता, नियम तसाच होता. पुन्हां पहिल्यापासून नोंदणी करा, असें उत्तर आलें. तोंपर्यंत मला नोकरी लागली होती, घरीं बहिणीचें लग्न होतें. ते चारशें पानांचे कागद अजून लोखंडी ट्रंकेंत आहेत. उन्हाळ्यांत वाळवी पाहण्यासाठीं ट्रंक उघडतों तेवढीच.

असो. मार्गदर्शकाशीं प्रत्येक भेट झाली कीं त्याच रात्रीं चार ओळी लिहून, ‘आज असें असें ठरलें, माझ्या समजुतींत चूक असल्यास कळवावें’ एवढें नम्रपणें पाठवावें. ई-मेलच्या दिवसांत याला पैसाही पडत नाहीं. यांत अविश्वास नाहीं. सज्जनांच्या स्मरणशक्तीवर आपण कमी ओझें टाकतों एवढेंच. हल्लींचे नियम या बाबतींत पूर्वींपेक्षां बरे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें ज्या अध्यापकांची नोकरी तीन वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नवा विद्यार्थी घेतां येत नाहीं. विद्यार्थ्यासाठीं सल्लागार समिति असते आणि दर सत्रास तिच्यापुढें कामाचा अहवाल मांडावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी या समितीला यमदूत समजतात. माझें म्हणणें उलट आहे. मार्गदर्शक व विद्यार्थी या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाच्या दप्तरीं तुमच्या कामाची नोंद राहते ती तेथेंच. समिति नसती तरच भ्यावें. मुदत कमींत कमी तीन वर्षें, जास्तींत जास्त सहा. स्त्रियांना दोन वर्षें अधिक मिळूं शकतात व २४० दिवसांपर्यंत प्रसूतीची अथवा बालसंगोपनाची रजाही आहे. हें शेवटचें मीं मुद्दाम सांगितलें, कारण त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती आणि आमच्या बोलण्याकडे ती त्याच्याहून अधिक लक्ष देऊन ऐकत होती.

आतां, सगळें ऐकावें काय? इरावती कर्वे यांनीं घुर्ये यांच्याच हाताखालीं १९२८ मध्यें चित्पावनांवरील प्रबंध लिहून एम्. ए. केलें व त्या बर्लिनला गेल्या. तेथें ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. हा गृहस्थ पुढें नाझींच्या वंशवादाचा मोठा आधारस्तंभ झाला. त्यांनीं विषय दिला तो मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. युरोपीय व इतर वंशांच्या कवट्यांत यासंबंधीं भेद सांपडेल, अशी गुरूंची अटकळ. परक्या देशांत, परक्या भाषेंत, या पुण्याच्या तरुण स्त्रीनें कवट्या मोजल्या आणि वंशभेदाचा पुरावा त्यांत मिळत नाहीं असें लिहून दिलें. पदवी मिळाली, परंतु गुरु प्रसन्न झाले असतील असें समजूं नये. यांत शौर्य आहे यांत शंका नाहीं. पण शौर्याच्या आधीं मोजमाप आहे. मोजणी पुरी होण्यापूर्वींच ‘मला आपलें मत मान्य नाहीं’ म्हणणारा विद्यार्थी मीं पुष्कळ वेळां पाहिला आहे. त्याचें पुढें कांहीं होत नाहीं.

उलट बाजूचेंही उदाहरण देणें न्यायाचें होईल. घुर्ये यांचा स्वभाव करडा, विषय बहुधा तेच सुचवीत. पण अक्षयकुमार देसाई हे कट्टर मार्क्सवादी विद्यार्थी त्यांच्याचकडे होते. हिंदी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा प्रबंध गुरूंच्या मताशीं जुळणारा नव्हता, तरीही तो त्याच विभागांतून १९४६ सालीं पार पडला. मार्गदर्शक निवडतांना त्यांचीं मतें आपल्यासारखीं आहेत कीं नाहींत हें पाहूं नये. त्यांच्याशीं मतभेद झालेले त्यांचे जुने विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले काय, हें पाहावें. हें कळावयास कठीण नाहीं. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशांतील लाखों प्रबंध ठेविलेले आहेत, मार्गदर्शकाच्या नांवासह. आपल्या गृहस्थांच्या हाताखालचे दोन-तीन प्रबंध साद्यंत वाचले म्हणजे ते कितीसे लक्ष देतात याचा अंदाज येतोच. कारण निष्काळजी मार्गदर्शकाची खूण विद्यार्थ्याच्या तळटीपांत उमटलेली असते.

विभागांत सगळ्यांत उपयोगी माणूस कोण, हेंही त्यानें विचारलें. मीं सांगितलें, कार्यालयांतला लेखनिक आणि ग्रंथालयांतला शिपाई. पहिल्याला तारखा ठाऊक असतात, दुसऱ्याला कपाटें. त्यांना नांवानें हाक मारावी व काम नसतांनाही नमस्कार करावा. परिसंवादांत पहिले सहा महिने थोडें बोलावें, पण एक तरी प्रश्न विचारावा. आणि इंग्रजीला भिऊं नये. घरीं कोकणा बोली, शाळेंत मराठी, परिसंवादांत इंग्रजी, अशा तीन पायऱ्या त्याला रोज चढाव्या-उतराव्या लागणार. ज्यांना एकच पायरी आहे त्यांनीं त्याच्या उच्चारांना हसावें यांत आश्चर्य नाहीं. आपल्याकडील विद्यापीठांत इतिहासाचे प्रबंध मराठींतून लिहिले जातात. त्यानेंही खुशाल मराठींत लिहावा. मात्र इंग्रजी दप्तर वाचण्याचा आळस करूं नये.

एवढ्यानें आमचें बोलणें संपावें. पण विषयाचें नांव निघालें आणि मग रात्रीचे दहा वाजले.

त्याला लिहावयाचें होतें सुरगाण्याच्या जंगलावर. सुरगाणा हें पूर्वीं एक लहानसें संस्थान, क्षेत्रफळ सुमारें ३६० चौरस मैल. पवार घराण्यांतील देशमुखांचा अंमल, वर नाशिकच्या कलेक्टरची देखरेख, पुढें गुजरातच्या एजन्सीशीं जोड, आणि १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीनीकरण. अशा ठिकाणचें दप्तर एकत्र राहत नाहीं. कांहीं नाशिकला, कांहीं मुंबईच्या पुराभिलेखागारांत, कांहीं दिल्लीस, कांहीं लंडनला, असें शोधीत हिंडावें लागेल, आणि कोठें काय आहे तें गेल्याशिवाय कळणार नाहीं. हें सर्व मीं सांगितलें. तो म्हणाला, ‘‘थोडं आमच्या घरीं पण आहे.’’ त्याच्या आजोबांच्या पेटींत संस्थानी अमलांतल्या कांहीं पावत्या व चिठ्ठ्या होत्या. वडिलांनीं त्या जपून ठेवल्या होत्या त्या इतिहासासाठीं नव्हेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं त्यांचा जमिनीचा दावा चालूं आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जमीन कसत आहों, हें सिद्ध करावयाचें असतें, आणि त्या चिठ्ठ्या हाच पुरावा. २०१८ च्या मार्चमध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा मोर्चा पायीं गेला, त्यांत सुरगाणा तालुक्यांतील माणसें मोठ्या संख्येनें होतीं. याचे वडील त्यांत चालले होते. पायांना आलेले फोड त्यानें स्वतः धुतले होते.

येथें मात्र मी घुटमळलों. मार्गदर्शक म्हणतील, विषय तुझ्या फार जवळचा आहे; तटस्थता राहणार नाहीं. हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. परंतु मुंबईच्या त्या विभागाचा इतिहासच याला उत्तर आहे. तेथें विद्यार्थ्यांना बहुधा आपापला समाज व आपापला प्रदेश अभ्यासावयास लावीत : इरावतीबाईंनीं चित्पावन घेतले, म्हैसूरच्या श्रीनिवासांनीं म्हैसूरकडील विवाह व कुटुंब घेतलें. त्यांना कोणी तटस्थतेचा प्रश्न विचारून अडविलें नाहीं. मग कोकण्याच्या मुलानें सुरगाण्याचें जंगल घेतलें तरच तो प्रश्न कां उठावा? आदिवासींवर त्या काळीं थोडें लिहिलें गेलें असें नाहीं. त्यांचें पुढें काय करावें यावर घुर्ये यांनीं १९४३ मध्यें ग्रंथ लिहून व्हेरिअर एल्विन यांच्याशीं मोठा वाद घातला. १९५७ मध्यें त्यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ निघाला, आणि ते लोक आमच्या या डोंगरांतही राहतात. दोन्ही पक्ष विद्वान होते. ज्यांच्याविषयीं वाद चालला होता त्यांच्यापैकीं मात्र कोणी त्या वादांत बोलणारा नव्हता.

तरीही एक धोका मीं त्याला स्पष्ट सांगितला. वनहक्काच्या नियमांत गांवच्या वृद्धांची लेखी जबानीही पुरावा म्हणून धरतात. विद्यापीठांत आजीच्या तोंडची हकीकत नुसती ‘आजी म्हणाली’ एवढ्यावर चालणार नाहीं. कोणी, केव्हां, कोणापुढें सांगितली, दुसरा आधार काय, हें सगळें मांडावें लागेल. आणि त्या पावत्या दाव्याला उपयोगी पडल्या नाहींत, उलट त्यांतून दुसरेंच कांहीं निघालें, तर? कर्वेबाईंनीं गुरूंच्या अटकळीविरुद्ध मोजमाप लिहिलें. त्याला कदाचित् बापाच्या दाव्याविरुद्ध लिहावें लागेल. त्यानें बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. बहिणीनें दिलें. ती म्हणाली, ‘‘दादा, मग आधीं त्या वाचून तर बघ. बाबांनीं तरी कुठं वाचल्यात? त्यांना कुठं येतंय वाचायला.’’

माझ्याजवळ यावर सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. म्हणून मीं श्रीनिवासांची पुढची गोष्ट सांगितली. त्यांनीं घुर्ये यांच्याकडे कूर्गांवर १९४४ मध्यें मोठा प्रबंध लिहिला. मग ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्याकडे जाऊन तीच सामग्री अगदीं निराळ्या दृष्टीनें पुन्हां मांडली, आणि तेथेंही रॅडक्लिफ-ब्राऊन मध्येंच निवृत्त झाल्यामुळें काम इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या हाताखालीं पुरें करावें लागलें. पुढें १९७० च्या एप्रिलांत ते अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें असतांना कोणीं तरी त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली. म्हैसूरकडील एका खेड्यावर अठरा वर्षें खपून तयार केलेल्या टिपणांच्या तीनही प्रति त्याच खोलींत होत्या, तीनही जळाल्या. त्यांनीं तें खेडें आठवणींतून लिहिलें व १९७६ सालीं तें पुस्तक निघालें. पुस्तक उत्तम आहे. पण प्रति तीन असून एका छपराखालीं ठेवणें म्हणजे एकच प्रत ठेवणें, हें मोठमोठ्यांच्या लक्षांत येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो ती पेटी घेऊन आला. पत्र्याची, कुलूप मोडलेलें, वर बांधलेली सुतळी. आंत अकरा कागद निघाले. सहा मोडींतले, पांच बाळबोध. मोडी मला थोडें लागतें. पहिल्या दोन पावत्या गवतचराईच्या निघाल्या. तिसरींत जमिनीचा उल्लेख होता, पण नांव त्याच्या आजोबांचें नव्हतें, आजोबांच्या थोरल्या भावाचें होतें. चौथीवर पाणी सांडून शाई पसरली होती. तीवरील साल लागेना. आम्ही ती तशीच बाजूला ठेवली. तो निघून जाण्यापूर्वीं सगळ्यांच्या प्रति काढाव्या म्हणून स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानीं गेलों, तर वीज गेलेली. तेथेंच बांकावर बसून त्यानें विभागप्रमुखांस लिहावयाचा अर्ज मला दाखविला. ‘महोदय, कृपाळू होऊन’ असें बरेंच लांबलें होतें. मीं तीन वाक्यें राखलीं, बाकीचीं खोडलीं. विषयाचें नांव ‘सुरगाणा संस्थानांतील जंगल व शेती’ असें ठेवून पुढें सालांची मर्यादा घालावयास सांगितली. त्यानें सुरुवातीचें साल कोरें ठेविलें. चौथी पावती वाचून घेतल्यावर घालतों, म्हणाला. दीड तासानें वीज आली. प्रत्येक कागदाच्या तीन प्रति काढल्या, एक त्याच्या पिशवींत, एक बहिणीकडे, एक मजकडे. मूळ पेटी वडील स्वतः येऊन घेऊन गेले. नाशिकची गाडी तोंपर्यंत निघून गेली होती. पुढची दोन वाजतां होती.